दूध उतू न जाण्याचा हिशेब

सकाळी दूध तापवायचं काम माझ्याकडे आहे. काम कसलं, ओट्यापाशी उभं राहायचं. चारपाच मिनिटं पातेल्यात काहीच घडत नाही. मग सायीखाली वाफ कोंडते, साय फुगते, आणि मी "अरे अरे" म्हणेपर्यंत बर्नर विझलेला असतो.

"शंभरातून एकदा तरी तू घालवतोसच," आई म्हणाली. म्हणजे शंभर दिवसांत एकदा नक्की, असं मी धरलं होतं. पेपरच्या कडेला हिशेब मांडला तर तसं निघेना. एका दिवशी दूध वाचण्याची शक्यता ०.९९. दोन्ही दिवस वाचायचं तर ०.९९ गुणिले ०.९९. असं शंभर वेळा गुणलं की उरतात ०.३६६. म्हणजे आमच्यासारखे तिघे असतील तर त्यातला एखादा शंभर दिवस ओटा न पुसता सुटतो! पण वर्षभर निभावण्याची शक्यता जेमतेम अडीच टक्के. दहा वर्षांची काढली, तर दशांशचिन्हापुढे पंधरा शून्यं. आणि 'कधीच नाही' म्हणाल, तर निव्वळ शून्य.

मी रोज सुधारत गेलो तर? दुसऱ्या दिवशी धोका १/२, तिसऱ्या दिवशी १/३, चौथ्या दिवशी १/४, असा उतरत गेला तरी शेवटी शून्यच. तेच १/४, १/९, १/१६ असा झपाट्यानं उतरला, तर जन्मात एकदाही दूध उतू न जाण्याची शक्यता बरोबर निम्मी येते. हे निम्मं मला फार आवडलं. आईला सांगितलं. तिनं ओट्याचं फडकं पुढे केलं.

अर्थात, कालच्या दुधाचा आजच्याशी संबंध नाही असं धरलं तरच हा गुणाकार चालतो. नाण्याचं ठीक आहे, त्याला कालचं काही आठवत नाही. मी मात्र बर्नरवरची करपलेली साय सुरीनं खरवडली की दुसऱ्या दिवशी गुरख्यासारखा उभा असतो. आठवड्यानं पुन्हा हातात मोबाइल.

रथसप्तमीला आई अंगणात गोवऱ्या पेटवून त्यावर बोळक्यात दूध ठेवते. ते उतू जायलाच हवं असतं. यंदा गोवऱ्या दमट होत्या. डोळ्यांत धूर, दूध मात्र जागचं हलेना. मी बराच वेळ टक लावून बघत होतो.

"बघतोस काय," आई म्हणाली, "फुंकर घाल."