मेव्हिसच्या घरची बारी

मागच्या रविवारी ऑफिसातल्या एका बाईंनी आग्रह करून शिकागोच्या साउथ साइडला त्यांच्या चर्चमध्ये नेलं. शेजारी बसलेल्या आजींनी कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका मेव्हिस स्टेपल्सचं नाव काढलं, घरी येऊन मी तिच्या मुलाखती ऐकत सुटले आणि आता मला तिच्यापेक्षा तिच्या बापाबद्दलच जास्त लिहायचंय.

पॉप्स स्टेपल्स, जन्म १९१४, मिसिसिपी. कापसाच्या मळ्यात राबणारं घर. १९३६ मध्ये पोट भरायला शिकागोला आला, आपले चाकरमानी गिरणीत आले तसाच. गायचा एका पुरुषांच्या ग्रुपमध्ये, पण बाकीचे प्रॅक्टिसलाच येईनात (हे दुखणं आपल्या कुठल्याही भजन मंडळाला सांगायला नको). शेवटी वैतागून एका रात्री घरी आला, जुनी गिटार काढली, पोरांना जमिनीवर गोल बसवलं आणि कोणी कुठला सूर धरायचा ते शिकवायला लागला. त्यात मेव्हिस सगळ्यात लहान, आठ-नऊ वर्षांची. १९४८ मध्ये चर्चमध्ये पहिल्यांदा गायले, लोक सोडेनात आणि पूर्ण बसलेलं गाणं एकच, मग तेच तीनदा म्हटलं.

आणि पुढे त्याने ह्या धाकट्या पोरीलाच मुख्य गायला उभं केलं! १९५६ ची रेकॉर्ड रेडिओवर वाजली तेव्हा तो खर्जातला आवाज शाळकरी मुलीचा आहे हे लोकांना खरं वाटेना.

हे मला फार लागलं. माझे बाबा भजनी बुवा, देवगडकडे त्यांचं नाव आहे. भजनातल्या रूपावलीपासून गजरापर्यंत त्यांची प्रत्येक चाल मला पाठ, घरी पेटीवर सूर मी द्यायचे, पण डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) लागली की मी खळ्यात, म्हणजे अंगणात, बायकांमध्ये बसून ऐकणार आणि दादा टाळ घेऊन बाबांच्या मागे. बाबांनी कधी अडवलं नाही, शिकवलंही मनापासून, फक्त मला बारीला बसवावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आता आपल्याकडे महिला मंडळं जोरात आहेत, बायका डबलबारीही गातात, त्यामुळे त्यावरून कोणी मला शिकवायला येऊ नये. आणि ज्या अमेरिकेत पॉप्सने पोरीला पुढे केलं, त्याच अमेरिकेच्या दक्षिणेत ह्या कुटुंबाला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती, तेही विसरायचं नाही.

काकीने फोनवर विचारलं, चर्चात कशाला जातस? अगो, ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात लिहिली, ख्रिस्ती कीर्तनं केली. मग मी दोन गाणी ऐकली तर काय बिघडलं.

पॉप्सने मार्टिन ल्यूथर किंगचं प्रवचन ऐकलं आणि पोरांना सांगितलं, हा माणूस जे बोलतो ते आपण गाऊ शकतो. तिथून त्यांची गाणी नागरी हक्कांच्या चळवळीत गेली. १९७२ मध्ये त्यांचं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर पोचलं आणि लोक त्यावर नाचायला लागले, तशी चर्चमधलीच माणसं बोलू लागली की ही सैतानाची गाणी. मला ह्याचा भयंकर राग आला. बाबांनी एकदा एका गवळणीला सिनेमातली चाल लावली तर असंच बोलणारे होते, भजन बाजारात नेलं म्हणे! अरे, त्या चालीमुळे दहावीतली पोरं रात्री दोनपर्यंत मांडवात बसली, पूर्वी ती बाहेर बाइकवर बसायची, ते नाही दिसलं? मेव्हिसचं म्हणणं सरळ होतं, आम्ही चर्च सोडलेलंच नाही, नीट शब्द ऐका.

पॉप्स २००० मध्ये गेला. जाण्याआधी अर्धवट राहिलेली रेकॉर्डिंग मेव्हिसच्या हाती देऊन म्हणाला, हे हरवू नकोस. तिने नाही हरवलं, २०१५ मध्ये तो अल्बम बाहेर आला. एकेक भावंड गेलं आणि ही ऐंशी ओलांडल्यावरही गात राहिली.

काल बाबांना म्हटलं, तुमच्या चाली मला द्या. ते म्हणाले, मंडळातल्या पोरांना शिकवतोय की, तू तिकडे काय करणार. मी ऐकलं नाही. लांब राहते म्हणून माझा वाटा जात नाही, आणि गावात राहिलेल्यांनी तरी किती चाली लिहून ठेवल्यात? तर आता दर रविवारी व्हिडिओ कॉल, इथे सकाळी साडेनऊ, तिकडे रात्रीचे आठ, बाबांच्या जेवणाआधी. रूपावलीपासून सुरुवात करणार, दादालाही सांगितलंय की फोन पेटीजवळ धर.