एअर रॅचेट घेण्याआधी हवेचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन आल्यावर गाडीच्या इंजिनाखालचे कव्हर काढायला मला अडीच तास लागले. कणकुंबीकडची तांबडी माती बोल्टांच्या आट्यांत शिरून वाळली होती, आणि दहा नंबरच्या पान्याने प्रत्येक बोल्ट पाव-पाव फेऱ्याने सोडवावा लागत होता. गाडी स्टँडवर, मी पाठीवर, आणि पाना हलवायला जागा जेमतेम चार बोटांची. हवेवर चालणारे रॅचेट, म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोरावर बोल्ट भराभर फिरवणारा पाना, घ्यायचे हे मी त्याच संध्याकाळी ठरवले. पहिले रॅचेट चुकीचे निवडले आणि दुसरे बरोबर निवडले. या दोन्हींच्या मधल्या काळात जे समजले ते इथे सविस्तर लिहितो आहे, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात घरच्या घरी गाडीचे काम करणारे पुष्कळ जण आहेत आणि त्यांतले बहुतेक जण हे यंत्र फक्त खोक्यावरचा टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, आकडा बघून घेतात.

मीही तेच केले. अर्धा इंची, म्हणजे आपल्याकडचे मेस्त्री ज्याला चार सुती म्हणतात ते, लांब दांड्याचे, वजनाला दीड किलोच्या आसपासचे रॅचेट मी घेऊन आलो. जितका जोर जास्त तितके काम सोपे, असा साधा समज होता. घरी टायरमध्ये हवा भरायला आणि धूळ उडवायला घेतलेला एक एचपीचा, 25 लिटर टाकीचा कॉम्प्रेसर होताच. नळी जोडली, टाकी 8 बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचे माप) भरू दिली आणि खटका दाबला. पहिला बोल्ट अर्धा बाहेर येईपर्यंत रॅचेटचा आवाज उतरला, गती मंदावली आणि ते जागच्या जागी थांबले. यंत्रातच दोष असावा असे मला वाटले. आमच्या गल्लीत उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतल्या एका ओतशाळेत कास्टिंग साफ करणारे, म्हणजे दिवसभर हवेवरचे ग्राइंडर चालवणारे एक अण्णा राहतात. त्यांना बोलावून दाखवले. त्यांनी रॅचेट हातात घेतले, एकदा खटका दाबला आणि लगेच कॉम्प्रेसरच्या टाकीवर हात ठेवून म्हणाले, "मशीन बरं हाय, खरं टाकीत हवाच न्हाई, मग ते तरी काय करणार?" दुसऱ्या दिवशी तेच रॅचेट ते कारखान्यात घेऊन गेले आणि तिथल्या मोठ्या लाईनवर ते उत्तम चालले.

अण्णांच्या त्या एका वाक्याचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. बहुतेक एअर रॅचेटच्या खोक्यावर 'हवेचा सरासरी वापर 4 सीएफएम' असे काहीतरी छापलेले असते; सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ते. हा आकडा अनेकदा असे गृहीत धरून काढलेला असतो की यंत्र मिनिटातले पंधराच सेकंद चालेल. खटका दाबून धरला तर प्रत्यक्ष वापर त्याच्या चौपट, म्हणजे 16 सीएफएमच्या घरात जातो. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे 28 लिटर. तेव्हा 16 सीएफएम म्हणजे मिनिटाला 450 लिटर, सेकंदाला साडेसात लिटर. आता टाकीकडे बघा. 25 लिटरची टाकी 8 बारवरून 6 बारवर उतरली की आपल्याला मोकळ्या हवेच्या मापात 25 गुणिले 2, म्हणजे फक्त 50 लिटर हवा मिळते. रॅचेटला लागणारा दाब साधारण 6.2 बार, म्हणजे 90 पीएसआय असल्याने त्याच्या खालची हवा फारशी कामाची नाही. पन्नास भागिले साडेसात केले की सात सेकंदही भरत नाहीत. एम-6, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीच्या, बोल्टाचे आटे एक मिलिमीटर अंतराचे असतात. वीस मिलिमीटर आत गेलेला बोल्ट बाहेर काढायला वीस फेरे लागतात, आणि मिनिटाला 160 फेरे मारणारे रॅचेट त्याला साडेसात सेकंद घेते. एका बोल्टाला एक टाकी, असे ते गणित झाले. टाकी पुन्हा भरायला छोट्या कॉम्प्रेसरला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो, तोवर आपण गाडीखाली पडून वाट बघायची.

कॉम्प्रेसर घेताना आणखी एक गोष्ट पारखावी लागते. पाटीवर लिहिलेला सीएफएम हा पुष्कळदा पिस्टनने एका मिनिटात ढकललेल्या जागेचा हिशेब असतो. बाहेर प्रत्यक्ष मिळणारी हवा, जिला फ्री एअर डिलिव्हरी म्हणतात, ती त्याहून बरीच कमी असते. दुकानदाराला स्पष्टपणे हाच दुसरा आकडा विचारावा. त्यात आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. इथली हवा किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा सुमारे 8 टक्के विरळ असल्याने पणजीत टाकी जितक्या वेळात भरते त्यापेक्षा इथे थोडा जास्त वेळ घेते. हा फरक मोठ्या यंत्राला जाणवत नाही, पण आधीच तोकड्या असलेल्या यंत्राला जाणवतो. विजेचेही तसेच आहे. मोटरचा सुरुवातीचा जोर विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे 230 व्होल्टचे 200 झाले की तो जवळपास चौथ्या हिश्शाने घटतो, आणि अर्धी भरलेली टाकी घेऊन मोटर नुसती हुंकारत राहते. संध्याकाळी दिवे मंद होतात अशा गल्लीत राहणाऱ्यांनी कॉम्प्रेसरला मीटरपासून वेगळी, जाड तार ओढून घ्यावी आणि लांब एक्स्टेन्शन बोर्डावर तो कधीही चालवू नये. तार लांबवण्यापेक्षा हवेची नळी लांबवणे केव्हाही बरे.

हे सारे लक्षात आल्यावर मी कॉम्प्रेसर बदलून दोन एचपीचा, 50 लिटरचा घेतला आणि रॅचेट मात्र आधीपेक्षा लहान घेतले. तीन सुती, म्हणजे 3/8 इंची, आखूड दांड्याचे आणि टॉर्क चाळीस न्यूटन मीटरच्या आसपासचे. अनेकांना हा उलटा प्रवास वाटेल. पण एअर रॅचेट हे जोराचे हत्यार नाही, ते वेगाचे हत्यार आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. त्याच्या दांड्यात हवेने फिरणारे एक छोटे चक्र असते, त्याच्या खाचांत सरकणारी पाती असतात, पुढे गिअर गती कमी करतात आणि शेवटी एक कळ मागेपुढे हलून डोक्यातल्या दातऱ्या चाकाला ढकलते. आपण हाताने रॅचेट मागेपुढे करतो तीच क्रिया, फक्त मिनिटाला शेकडो वेळा. इम्पॅक्ट गनमध्ये हातोड्यासारखे ठोके बसतात आणि गंजलेला नट सुटतो. साध्या एअर रॅचेटमध्ये असा ठोका नसतो. म्हणून चाकाचे नट, सस्पेन्शनचे मोठे बोल्ट किंवा क्रँकच्या पुलीचा बोल्ट यांसाठी ते घेऊच नये. लहान गाड्यांचे चाकाचे नट सामान्यतः 85 ते 110 न्यूटन मीटरला आवळलेले असतात, ते लांब दांड्याच्या पान्याने अंगाचा भार टाकूनच सोडवावेत. बोल्टाचा पहिला चिकटलेला फेरा हाताच्या पान्याने काढायचा आणि उरलेले वीस फेरे रॅचेटवर सोपवायचे, ही कामाची खरी वाटणी आहे.

मग मोठ्या टॉर्कचा उपयोग काय? घरगुती कामात त्याचा उपयोग थोडा आणि धोका जास्त. बॉनेटखाली जे बोल्ट आपण नेहमी काढतो ते बहुतांशी एम-6 आणि एम-8 असतात, म्हणजे दहा, बारा किंवा तेरा नंबरच्या पान्याचे. सर्वसाधारण 8.8 प्रतीचा एम-6 बोल्ट 10 न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचा असतो आणि एम-8 बोल्ट 25च्या आसपास. सत्तर न्यूटन मीटरच्या रॅचेटचा खटका अर्धा सेकंद जास्त दाबला गेला तर एम-6 बोल्टाचे डोके हातात येते, किंवा ॲल्युमिनियमच्या बॉडीतले आटे निघून येतात, आणि दुसरी गोष्ट पहिल्यापेक्षा जास्त महाग पडते. माझ्या चाळीसच्या रॅचेटनेही हे होऊ शकते, म्हणून मी आवळताना बोल्ट बसायला आला की खटका सोडतो आणि शेवटचा फेरा टॉर्क पान्याने, म्हणजे नेमलेला जोर दाखवणाऱ्या पान्याने, देतो. स्पार्क प्लग आणि ऑइल चेंबरचा नट यांना आवळताना तर मी रॅचेट जवळही नेत नाही.

टॉर्क कमी घेण्याचे दुसरे कारण माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर अजून दिसते. पहिल्या, मोठ्या रॅचेटने अल्टरनेटरचा खालचा बोल्ट काढत होतो. बोल्ट सुटत होता तोवर ठीक होते, पण आट्यांत मातीचा खडा आला असावा. बोल्ट अडला आणि फिरण्याची सगळी ताकद उलटून दांड्यात आली. दांडा माझ्या मुठीसह फिरला आणि बोटे क्रॉसमेंबरच्या, म्हणजे गाडीखालच्या आडव्या लोखंडी तुळईच्या, कडेवर आपटली. खटका दाबलेलाच होता, कारण दबलेल्या बोटांनी तो सोडता येत नव्हता. डाव्या हाताने नळीची कपलिंग ओढून काढेपर्यंत दोन-तीन सेकंद गेले असतील. नख निघाले आणि हाड वाचले. त्या दिवसापासून मी दांडा कुठल्या बाजूला उसळेल हे आधी बघतो आणि त्या बाजूला हात न ठेवता दांड्यालाच गाडीच्या एखाद्या मजबूत भागाचा आधार देतो. ठोका देणारे इम्पॅक्ट रॅचेट नावाचे यंत्र मिळते, त्यात हा उलटा झटका बराच कमी बसतो. पण त्याचे डोके जाड असते आणि किंमतही जास्त, म्हणून मी साध्यावरच थांबलो.

डोक्याची जाडी हा मुद्दा मला टॉर्कपेक्षा मोठा वाटतो. ज्या जागी हाताचा पाना मावतो पण फिरत नाही, तिथेच या यंत्राची गरज असते, आणि यंत्र तिथे मावलेच नाही तर बाकी सगळे व्यर्थ आहे. दुकानात जाताना मी दहा आणि बारा नंबरच्या गोट्या, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारे सॉकेट, खिशात घेऊन गेलो, त्या रॅचेटवर बसवल्या आणि डोक्याच्या पाठीपासून गोटीच्या तोंडापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले. माझ्या गाडीच्या रेडिएटरच्या मागे जितकी मोकळी जागा आहे तितकी आधी मोजून कागदावर लिहून नेली होती. सोडणे आणि आवळणे बदलण्याची कळ ग्रीस लागलेल्या अंगठ्याने फिरते का, हेही तिथेच बघावे. वापरलेली हवा दांड्याच्या मागून बाहेर पडते की बाजूने, हे अवश्य विचारावे. बाजूने पडणारी हवा तेलाचे तुषार आणि धूळ थेट तोंडावर उडवते, आणि गाडीखाली पडलेल्या माणसाला तोंड फिरवायला जागा नसते. डोळ्यांना चष्मा तर कोणत्याही परिस्थितीत हवाच.

आपल्या भागात पावसाळ्यातली हवा ओली असते, आणि हे यंत्र ओल्या हवेने जितके लवकर मरते तितके कामाने मरत नाही. पंचवीस अंशांना ओल्या हवेच्या एका घनमीटरमध्ये 22-23 ग्रॅम पाणी असते. ती हवा 8 बारला दाबून टाकीत थंड झाली की त्यातले बहुतेक पाणी टाकीच्या तळाशी उतरते. जुलैत अर्धा तास काम केले तरी तळाचा नळ सोडल्यावर तांबूस पाण्याची पिचकारी येते. हे पाणी नळीतून रॅचेटमध्ये गेले की चक्राच्या खाचा गंजतात आणि पाती अडकतात. म्हणून दर वापरानंतर टाकी रिकामी करून नळ उघडा ठेवावा आणि नळीच्या सुरुवातीला पाणी अडवणारा फिल्टर व दाब नेमून देणारा रेग्युलेटर बसवावा. तेलाचे दोन-तीन थेंब रॅचेटच्या हवेच्या तोंडात काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर टाकावेत. हे न्यूमॅटिक यंत्रांचे पातळ तेल असते. इंजिन ऑइल घट्ट असल्याने पाती चिकटतात.

नळी आतून 8 मिलिमीटरपेक्षा बारीक नसावी. स्वस्त गुंडाळीच्या नळीत दाब वाटेतच मरतो. गोट्यांबद्दल एवढेच, की साध्या एअर रॅचेटला हातपान्याच्या चांगल्या गोट्या चालतात. काळ्या इम्पॅक्ट गोट्या ठोक्याच्या यंत्रासाठी असतात.

ज्यांच्याकडे कॉम्प्रेसर नाही आणि वर्षातून दोन-तीनदाच काम करायचे आहे, त्यांनी नव्याने कॉम्प्रेसर घेण्यापेक्षा बॅटरीवरचे रॅचेट बघावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. ते जड असते, पण नळी नको, टाकी नको, पाण्याची काळजी नको. माझ्यासारखा ज्याच्याकडे कॉम्प्रेसर आधीपासून आहे त्याला हवेचे यंत्र स्वस्त पडते, ते अडले तरी त्याची मोटर जळत नाही, आणि अंगणातल्या ओल्या फरशीवर पडून काम करताना हातात वीज नसते, ही माझ्या घरच्यांना सर्वांत पटलेली बाजू आहे.

या जूनमध्ये पाऊस लागण्याआधी तेच कव्हर पुन्हा काढले. प्रत्येक बोल्टाचा पहिला फेरा हाताने, बाकीचे रॅचेटने; तीन-चार बोल्ट झाले की टाकी भरेपर्यंत आट्यांवरची माती तारेच्या ब्रशने काढत बसलो. पाऊण तासात कव्हर खाली आले, आणि परत बसवताना प्रत्येक बोल्टाला थोडे ग्रीस लावले.