नोंद १४: फेरीचं गणित सुटलं आणि लगेच बिघडलं

साडेबारा. उत्तर साडेबारा मिनिटं आहे. नोंद ११ मध्ये ज्या गणितावर मी "हे तोंडी होतं, सोडा" असं लिहून, दहा हे उत्तर देऊन पुढे गेलो होतो, त्याने तीन आठवडे उरावर बसून काल रात्री हे उत्तर दिलं. "दहा कसे येतील हो?" असं तेव्हाच कळवणाऱ्या दोघांना मी जरा फटकळपणे उत्तर दिलं होतं. ते मागे घेतो.

ज्यांच्या डोक्यातून गेलं असेल त्यांच्यासाठी गणित पुन्हा सांगतो. नदीच्या धक्क्यावरून फेरी (फेरीबोट) एकदा १० मिनिटांनी, एकदा ३० मिनिटांनी, अशी आलटून पालटून सुटते. म्हणजे ८ ला, ८.१० ला, ८.४० ला, ८.५० ला. माणूस घड्याळ न बघता केव्हाही येतो. त्याला सरासरी किती मिनिटं थांबावं लागेल? (आकडे सोयीचे घेतलेत. खरी फेरी अशी आखीव चालत नाही, पण माझी काही तक्रार नाही.)

माझं तेव्हाचं उत्तर: दोन फेऱ्यांमधलं सरासरी अंतर २०, त्याचे निम्मे १०, वही बंद. वर माझ्याकडे पुरावाही होता. मी गोव्यातल्या चोडण बेटावरचा, नोकरी पणजीत, रोज सकाळी फेरीने पलीकडच्या काठाला, रायबंदरला उतरतो. धक्क्यावर थांबलेली मिनिटं जूनपासून वहीत टिपतोय. चोवीस सकाळींचा मीन (म्हणजे सरासरी) आला साडेआठ. दहाच्या जवळच की! वरचं दीड मिनिट "सँपल लहान आहे" म्हणून खिशात घातलं. हे साडेआठ लक्षात ठेवा, पुढे तेच उलटलं.

शंका आली ती हाउझीमुळे. चवथीला (गणेशचतुर्थीला) वाड्यावर हाउझी, म्हणजे तंबोला, असते, तिच्या आकडे लिहिलेल्या सोंगट्यांची पिशवी यंदा भाचीकडे आहे. एका रविवारी पाऊस इतका की फेरीच काय, अंगणही ओलांडवेना. त्यातल्या १ ते ४० सोंगट्या घेतल्या. ४० मिनिटांत फेरीचं एक चक्र पुरं होतं, तेव्हा सोंगटी काढायची, आकडा ७ आला तर माणूस सातव्या मिनिटाला आला, थांबणं ३. आकडा २२ आला तर थांबणं १८. लिहायचं, सोंगटी परत पिशवीत. साठ वेळा काढल्या. मीन तेराच्या जवळ. म्हटलं नशीब. पुन्हा साठ. पुन्हा बाराच्या वर.

मग अक्कल आली की काढायच्या कशाला? चाळीसही सोंगट्यांना सारखीच संधी आहे, तर सगळ्याच मांडू. १ ते १० साठी थांबणं ९, ८, ७ करत ० पर्यंत, बेरीज ४५. ११ ते ४० साठी २९ पासून ० पर्यंत, बेरीज ४३५. एकूण ४८०, भागिले ४०, बरोबर १२. आता नशिबावर ढकलायची सोयच उरली नाही. दहा हे उत्तर चुकलंच होतं.

पण का चुकलं ते मला दिसेना. ते भाचीने दाखवलं, तेही मोबाइलवरून मान वर न करता. ती बारावीला आहे. म्हणाली, "मामा, समज दोन बॅच आहेत, एकीत १० पोरं, दुसरीत ३०. सरांना विचार, सरासरी बॅच केवढी? ते म्हणतील २०. आता चाळीस पोरांना एकेक करून विचार, तुझ्या बॅचमध्ये किती जण?" मी वहीत मांडलं. दहा पोरं म्हणणार १०, तीस पोरं म्हणणार ३०. बेरीज १०० अधिक ९०० म्हणजे १०००, भागिले ४०. उत्तर २५. "तू फेरीला विचारलंस," ती म्हणाली, "विचारायचं होतं थांबणाऱ्या माणसाला."

हे वाक्य मी ग्राफपेपरच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

माणूस केव्हाही येतो म्हटलं की तो लांब अंतरात सापडण्याची शक्यताच जास्त, कारण ते अंतर घड्याळात जागाच जास्त व्यापतं. ४० पैकी ३० मिनिटं लांब अंतराची, म्हणजे पाऊण. तिथे सापडला तर सरासरी १५ मिनिटं थांबेल, उरलेल्या पाव वेळा ५. पाऊण गुणिले १५ म्हणजे ११.२५, पाव गुणिले ५ म्हणजे १.२५, मिळून १२.५. मी दोन्हींना निम्मं-निम्मं वजन दिलं होतं, म्हणून १०. बारावीच्या धड्यात टोटल प्रोबॅबिलिटी म्हणून हेच येतं, आणि मी त्याची पंचवीसेक उदाहरणं दोन वर्षांपूर्वी सोडवून हातावेगळी केली आहेत. पण तिथे लाल-काळे चेंडू असतात. चेंडू असले की मला येतं, फेरी आली की येत नाही.

आता खरी मारामारी. सोंगट्या म्हणतात १२, प्रोबॅबिलिटी म्हणते १२.५. अर्धं मिनिट कुठे गेलं?

त्यात मी शहाणपणा करून तिसरी पद्धत काढली. जुन्या टिपणांत एक सूत्र होतं: सरासरी थांबणं म्हणजे सरासरी अंतराचे निम्मे, गुणिले (एक अधिक (व्हेरियन्स भागिले मीनचा वर्ग)). व्हेरियन्स म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याचं माप, स्टँडर्ड डिव्हिएशनचा वर्ग. म्हटलं हाच पंच. कॅसियो एफएक्स-९९१ काढला, स्टॅट मोडमध्ये १० आणि ३० घातले, डिव्हिएशन घेतलं, वर्ग केला, सूत्रात टाकला. उत्तर १५!

पहिल्यांदा १०, मग १२, मग १२.५, आता १५. त्या रात्री मी सूत्रावर संशय घेतला, भाचीवर घेतला, कॅल्क्युलेटरच्या सेलवर घेतला. सूत्र पुन्हा सिद्ध करायला बसलो, दोन पानं भरली, सूत्र बरोबरच निघालं. बायको म्हणाली, "अहो, फेरीत नुसतं बसून जा की एकदा."

पंधराचा चोर दोन दिवसांनी सापडला, ऑफिसात, दुसऱ्याच कामात. कॅल्क्युलेटरवर डिव्हिएशन दोन असतात, सिग्मा-एक्स आणि एस-एक्स. पहिल्यात भागाकार एकूण संख्येने होतो, दुसऱ्यात एक कमी करून. मी दुसरं उचललं होतं. १० आणि ३० चं एस-एक्स १४.१४, त्याचा वर्ग २००. सिग्मा-एक्स १०, वर्ग १००. आपली दोन अंतरं हा काही नमुना नाही, पुरी लोकसंख्याच (म्हणजे सगळा संचच) ती, तेव्हा १०० घ्यायचे. १० गुणिले १.२५, १२.५. जमलं. कॅल्क्युलेटरचा यात दोष शून्य, उलट या किमतीत याच्या तोडीचं यंत्र मला तरी माहीत नाही. पण दोन खुणा इतक्या शेजारी-शेजारी आणि शाळेत त्यातला फरक कुणी धड सांगितलेला नाही. स्प्रेडशीटमध्येही तीच मेख आहे: नावात शेवटी पी की एस, एवढाच फरक.

जाता जाता: व्हेरियन्स म्हणजे परीक्षेपुरती कटकट असं मीही मानत होतो. मग दामोदर धर्मानंद कोसंबींचं (१९०७–१९६६) नाण्यांचं काम वाचलं. आपल्या गोव्यात जन्मलेला हा गणिती जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी हजारांनी तोलत बसला. नाणी हातोहात फिरली की झिजतात, म्हणून सरासरी वजन उतरतं. पण सगळी सारखी झिजत नाहीत, म्हणून वजनांचा पसाराही वाढतो. या दोन्हींवरून कुठली नाणी जास्त काळ फिरली ते त्यांनी ताडलं. फेरीतही तसंच. सरासरी अंतर २० चं २०च ठेवा आणि पसारा वाढवत न्या. २०-२० ठेवलंत तर थांबणं १०, १०-३० केलंत तर १२.५, आणि दोन फेऱ्या एकदमच सोडून पुढचे ४० मिनिटं धक्का मोकळा ठेवलात तर थेट २०.

राहिलं अर्धं मिनिट. ते आलेखाने सोडवलं, आणि या तीन आठवड्यांतली सगळ्यात गोड संध्याकाळ ती. थांबण्याचं फंक्शन काढा: आडव्या अक्षावर येण्याची वेळ, उभ्यावर थांबणं. करवतीचे दात दिसतात, एक छोटा, एक मोठा. शून्यापाशी उंची १०, उतरत उतरत दहाव्या मिनिटाला ०, फेरी सुटली की एकदम ३० वर उडी, पुन्हा उतरण. सरासरी थांबणं म्हणजे दातांखालचं क्षेत्रफळ भागिले ४०. छोटा त्रिकोण ५०, मोठा ४५०. एकूण ५००. आणि सोंगट्यांची बेरीज ४५ आणि ४३५ होती! छोट्या दातात ५ कमी, मोठ्यात १५ कमी. दहा सोंगट्यांचं दहा वेळा अर्धं, तीस सोंगट्यांचं तीस वेळा अर्धं. सोंगटी ७ म्हणजे सहा आणि सातच्या मधला पुरा मिनिट, आणि मी तिला मिनिटाच्या शेवटी उभी करत होतो. साडेसहावर उभी केली की थांबणं ३ ऐवजी ३.५, आणि सगळं जिथल्या तिथे बसतं.

जिओजिब्रा या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आलेख दोन ओळींत येतो, मान्य. पण ५० आणि ४५ शेजारी-शेजारी मला ग्राफपेपरवरच दिसले, कारण चौकोन बोटाने मोजत होतो. ग्राफपेपर मात्र म्हापशाहून आणा. जवळच्या एका दुकानातून घेतलेल्या कागदावर पावसाळ्यात शाई अशी पसरते की त्रिकोणाचा समोसा होतो.

आणि एक बक्षीस. करवत पुढे होतीच, म्हणून सहज विचारलं, निम्म्या लोकांना किती मिनिटांच्या आत फेरी मिळते? छोट्या दातातले सगळे दहाच्या आत, मोठ्या दातातले शेवटच्या दहा मिनिटांत येणारे तेवढे. दहा आणि दहा, वीस, म्हणजे ४० चे बरोबर निम्मे. मीडियन १०! म्हणजे माझे दहा अगदीच अनाथ नव्हते, फक्त मीनच्या खुर्चीवर मीडियन बसवला होता. भाचीला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "पण तुझी पद्धत चुकीचीच होती ना?" होती.

इथे ही नोंद संपायची होती. पुढे बायनोमियल या प्रोबॅबिलिटीतल्याच पुढच्या विषयाकडे वळणार होतो, पाखरं मोजण्याचं एक गणित तयारही ठेवलंय. पण लिहिता लिहिता ते साडेआठ पुन्हा समोर आलं. खरी अंतरं कमी-जास्त असतात, म्हणजे माझं थांबणं सरासरी अंतराच्या निम्म्याहून जास्त निघायला हवं. मग वहीत ते कमी का?

उत्तर आज सकाळी चहाच्या कपात सापडलं. आमच्या घराकडून धक्क्याकडे उतरताना वळणावर नदी दिसते. फेरी पलीकडे असेल तर मी टपरीवर पातळभाजी-पाव सांगतो. अलीकडे लागत असेल तर पळतो. "घड्याळ न बघता केव्हाही येणारा माणूस" मी नाहीच! चोवीस सकाळींची वही ही फेरीची नसून माझ्या पळण्याची आहे. आणि टपरीवर बसलेली मिनिटं तर मी मोजलीच नाहीत, कारण तेव्हा मी "थांबलेला" नव्हतो, खात होतो.

म्हणून बायनोमियल पुढे ढकललं. आता नवा बेत. सकाळी ऑफिस चुकवता येत नाही, तेव्हा संध्याकाळी परतताना मोजायचं. रायबंदरला उतरलो की पिशवीतून सोंगटी काढायची, आकडा येईल तितकी मिनिटं बसस्टॉपवरच बसायचं, मगच धक्क्याकडे चालायला लागायचं, समोर फेरी भरत असली तरी. पळायचं नाही. तीस संध्याकाळी पुरतील असं वाटतं, पण माझ्या सूत्राप्रमाणे थांबण्याचं स्वतःचं डिव्हिएशनच जवळपास ८.८ येतं (आखीव १०-३० ला, सिग्मा-एक्स बरं का), त्याला ३० च्या वर्गमुळाने भागलं तर १.६. म्हणजे दहा आणि साडेबारा यांतला फरक दीड डिव्हिएशनच्या आसपासच. कमी पडेल. साठ धरू. नाही, शंभर. शंभर संध्याकाळी म्हणजे नाताळ उलटून जाईल.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. आणि चवथ आली म्हणून भाचीने पिशवी परत मागितलीय, तेव्हा आज जेवणानंतर बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून चाळीस चौकोन कापायला बसतोय. सहा आणि नऊच्या खाली रेघ मारायला विसरायचं नाही.