यादी लांबलचक, ॲलर्जी एका शेंगेची

धाकट्याला शेंगदाणा सोसत नाही, हे कळायला वेळ लागला नाही. संक्रांतीचा लाडू खाल्ला आणि थोड्याच वेळात ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली. खरा घोळ त्यानंतरचा.

कुणीतरी सुचवलं म्हणून रक्त तपासलं. रिपोर्टात गहू, दूध, अंडं, तूरडाळ, सगळ्यांपुढे पॉझिटिव्ह! सगळं बंद करा, असा सल्ला मिळाला. पोर वाळायला लागलं.

मग खानापुराहून बेळगावला ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "दूध पिऊन कधी त्रास झालाय?" नाही. "चपाती?" रोज खातो. "मग बंद कशाला केलंत?" रक्तात आयजीई (ॲलर्जीशी जोडलेली प्रतिपिंडं) सापडलं म्हणजे ॲलर्जी आहेच असं नाही, खाल्ल्यावर काय होतं ते महत्त्वाचं, असं त्यांनी समजावलं.

त्वचेची चाचणी करायची म्हणून ॲलर्जीचं सिरप काही दिवस आधीच थांबवायला लावलं. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं खुणा केल्या, प्रत्येकीजवळ एक थेंब ठेवला आणि त्यातून बारीकशी टोच. तुलनेसाठी एक थेंब हिस्टामाइनचा (ॲलर्जीत खाज-सूज आणणारं रसायन), एक नुसत्या सलाइनचा. पुढची पंधरा मिनिटं त्याला खाजवू न देणं हेच मोठं काम. मोबाईल दिला, इलाज नव्हता. सलाइनच्या खुणेपेक्षा 3 मिलिमीटर मोठी गांध म्हणजे पॉझिटिव्ह. शेंगदाण्याची तर टरारून फुगली. गव्हाचीही थोडी उठली, पण चपाती पचते म्हणून चालू ठेवली.

निघताना नर्सबाईंनी ॲड्रेनालिन, म्हणजे जोराच्या ॲलर्जीत जीव वाचवणारं इंजेक्शन, भरायला शिकवलं. औषध भरलेलं तयार इंजेक्शन-पेन इथं मेडिकलात सहज मिळत नाही, म्हणून ॲम्प्यूल आणि छोटी सिरिंज. किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, आमच्या 15 किलोच्या पोराला 0.15. सिरिंजवर तेवढ्यावरच रेघ मारून दिली. दम लागला, आवाज बसला, अंग गळालं की आधी मांडीच्या बाहेरच्या बाजूला इंजेक्शन, मग दवाखाना. ॲलर्जीच्या गोळीनं खाज थांबते, श्वास सुटत नाही. आणि बरं वाटलं तरी लगेच घरी आणायचं नाही, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

घरचं मात्र अवघड. आमच्याकडं कूट नाही अशी भाजी सांगा! वांगं, मेथी, कोशिंबीर, उपवासाची खिचडी. सासूबाई म्हणायच्या, "चिमूटभरानं काय हुतंय गं?" डॉक्टरांसमोर बसवलं तेव्हा गप्प झाल्या, आणि मिक्सरचं वेगळं भांडं त्यांनीच आणलं. घाण्याचं शेंगतेलही बंद, त्यात शेंगदाण्याची प्रथिनं उरतात. पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख नियमानंच असतो. सुट्या मिठाईला, जत्रेतल्या खाऊला तसं काही नाही, म्हणून ती घेतच नाही.

शाळेत अंडं न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की मिळायची. आमचा अंडं खातो, पण शेजारच्यानं तुकडा पुढं केला तर? डॉक्टरांची चिठ्ठी मराठीत आणि कन्नडात करून बाईंना दिली. त्याची सिरिंज ऑफिसच्या कपाटात असते. किल्ली कुणाकडं, हे मी दर सुट्टीनंतर विचारते.

पाचातल्या एखाद्या मुलाची ही ॲलर्जी पुढं निघून जाते म्हणे. पुढच्या वर्षी परत टोचणी आहे. शेंगदाणा खाऊन बघायचाच झाला तर दवाखान्यातच, डॉक्टरांच्या समोर.