गावावर लिहिणाऱ्यांचं एवढं काय कौतुक?

"फ्लॅट पणजीत, आणि कपाटात सगळं माड-पोफळीचं, पावसाचं. गेलेल्या दिवसांची हळहळ वाचून कंटाळा येत नाही?" हे मला कुणी ना कुणी विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

हळहळीचा कंटाळा मलाही येतो. नुसता हिरवा रंग फासलेलं पुस्तक मी दोन पानांत मिटतो. मला आवडतात ते गाव आतून ठाऊक असलेले लेखक. शहरातला माणूस खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेताच्या, बांधावर उभा राहिला की त्याला बगळे आणि मावळतीचा सूर्य दिसतो. गावच्या माणसाची नजर आधी मानशीकडे जाते. बांधातलं हे लाकडी दारांचं तोंड. भरती चढली की नदीच्या रेट्याने दारं आपसूक मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बांध पोखरला आणि वेळेवर कुणी चिखल थापला नाही, तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पीक बुडतं. एवढं ज्याला माहीत आहे, त्याने खुशाल बगळ्यावर लिहावं. मी वाचीन.

बाकीबाब बोरकरांच्या कवितेला जुवारीकाठच्या बोरी गावाचा वास आहे. लक्ष्मणराव सरदेसाई सावईवेऱ्याचे, म्हणजे कुळागरांच्या, माड-पोफळीच्या बागांच्या, मुलखातले. त्यांच्या कथांतली माणसं त्याच मातीतली. पण माझा जीव जास्त जडला तो महादेवशास्त्री जोशींवर. १९०६ साली सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्यात जन्मलेला हा माणूस 'आत्मपुराण' या आत्मचरित्रात गावावर माया करतो, आणि तिथलं दारिद्र्य झाकतही नाही.

आणि पुंडलीक नाईकांची 'अच्छेव' (१९७७). कादंबरी कोंकणी आहे. मराठी-कोंकणी वाद कृपया इथे काढू नका. शेती सोडून खाणीवर गेलेलं गाव कसं उसवत जातं, ते तिच्यात आहे. निसर्गाचं गुणगान तिच्यात शोधावं लागेल, पण गावावर एवढं प्रेम असल्याशिवाय असा राग येत नाही.

सुरुवात 'आत्मपुराण'पासून करा. माझी प्रत मात्र मागू नका, दिलेली पुस्तकं परत येत नाहीत. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, तिथे विचारा.