विंगेतलं व्हायोलिन

श्रावण लागला की आमच्या चाळीत मंडळाची पावती पुस्तकं छापून यायची आणि तिथून अनंत चतुर्दशीपर्यंत कोणी कोणाला अभ्यासाचं विचारायचं नाही. रात्रीची जेवणं उरकली की खालच्या चौकात सतरंजी पडायची. मखर थर्माकोलचं की पुठ्ठ्याचं, एकांकिका विनोदी की गंभीर, पाककलेला यंदा परीक्षक कोण, यावर मध्यरात्रीपर्यंत वाद चालायचे. आवाज चढायचे, कोणीतरी "मग तुम्हीच चालवा मंडळ" म्हणून उठून जायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ सुतळीचा गुंडा घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असायचे.

मुंबईतल्या सार्वजनिक गणपतीची सुरुवात आमच्या गिरगावातली. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली उत्सव सुरू झाला आणि १९०१ मध्ये लोकमान्य स्वतः तिथे येऊन गेले. आमचं मंडळ त्या मानाने बरंच नंतरचं, पण त्या शेजाराचा अभिमान आमच्या म्हाताऱ्यांना असा होता की लोकमान्य जणू परवाच गल्लीतून गेले.

मी सांगतोय ते १९८० नंतरच्या पाच-सहा वर्षांतलं. चाळीच्या मागच्या अंगाला खोताची वाडी. मध्ये पुरुषभर उंचीची भिंत. भिंतीच्या अलीकडे आम्ही: दोन खोल्यांत सात माणसं, कोपऱ्यात देव्हारा, महापालिकेत कारकून असलेले बाबा, आणि आपलं पाणी वेगळ्या कळशीत ठेवणारी वेंगुर्ल्याची आजी. पलीकडे तिचं, म्हणजे ज्या मुलीबद्दल मी सांगतोय तिचं घर: उतरत्या कौलांचं, लाकडी कठड्याचं, बाहेरून जिना असलेलं. वाडीत अशी एके काळी पासष्ट घरं होती म्हणतात; आज त्यातली निम्मीही उरलेली नाहीत. त्या घराचा वरचा मजला तिच्या वडिलांनी भाड्याने घेतला होता. अंकल गोव्याचे, साष्टीतले. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, काळी पेटी हातात धरून ताडदेवच्या फिल्म सेंटरला नाहीतर वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओला निघायचे. त्या काळच्या सिनेसंगीताचा केवढा तरी भार या गोव्याच्या वादकांनी उचललेला आहे. पाच रेघांवरचं नोटेशन वाचणारी आणि लिहिणारी माणसं ती. चाल संगीतकाराची, पण वाद्यमेळ रचायचं काम बऱ्याचदा यांच्यातल्याच कोणाचं असायचं. पडद्यावर मात्र त्यांची नावं क्वचितच दिसली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यांच्या घरी इंग्रजी आणि कोंकणी, आमच्याकडे मराठी आणि आजीची मालवणी. त्यांच्याकडे रविवारी सेंट तेरेझा चर्च, आमच्याकडे संकष्टीला उपास. त्यांच्या स्वयंपाकघरातून सुक्या बांगड्याचा वास आला की आजी खिडकी लावून घ्यायची. पण हीच आजी संध्याकाळी भिंतीशी उभी राहून आंटींशी तासभर गप्पा मारायची. तिच्या बोलीतलं चाळीत निम्म्यांना कळायचं नाही, ते आंटींना अर्ध्या शब्दात कळायचं. चतुर्थीला आमच्याकडून नेवऱ्यांचं ताट जायचं, नाताळला तिकडून नेवऱ्यांचं ताट यायचं. अंड्याचं असेल म्हणून आजी तोंडात घालायची नाही, पण नेवरी हातात घेऊन कातण्याने कापलेली कड निरखून बघायची आणि म्हणायची, "बाईचा हात चांगला आहे." तीन-चार नाताळ असेच गेले. मग एका वर्षी आंटींनी निरोप पाठवला, या वेगळ्या तळल्या आहेत, यात काही नाही. आजीने एक उचलली, खाल्ली आणि दुसरीही उचलली.

उत्सवातली एक रात्र सिनेमाची. १६ मिलिमीटरचं मशीन भाड्याने यायचं आणि चौकात, भिंतीला लागून, पांढरा पडदा बांधला जायचा. चाळीच्या तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरायच्या. पडद्याचा एक बांबू तिच्या घराच्या कठड्याला बांधावा लागायचा. तो वाऱ्याने हलतोय म्हणून एका वर्षी मला पलीकडे पिटाळलं. मी अकरावीत होतो. बांबू धरून जिन्यात उभा राहिलो, तर ती तिथे पायरीवर बसून पडद्याच्या मागच्या बाजूने सिनेमा बघत होती. तिकडून सगळं उलटं दिसायचं. ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आमच्याकडे सगळे हीरो डावखुरे असतात." इतकी वर्षं त्यांनी आमचा सिनेमा असा उलटा पाहिला होता आणि आमच्यातल्या कोणाच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. वरती आरामखुर्चीत अंकल बसले होते. एका गाण्यात व्हायोलिनचा तुकडा आला तसा त्यांनी एक बोट वर केलं. "डॅडी आहेत तिथे," ती हळूच म्हणाली. सिनेमा संपेपर्यंत मी बांबू सोडला नाही.

पुढच्या वर्षी एकांकिकेला पार्श्वसंगीत हवं होतं. पेटी-तबल्यावर भागणार नव्हतं. आमच्या एकांकिका बसवणारे काका पोस्टात होते. चाळ त्यांना डायरेक्टरकाका म्हणायची. ते अंकलना विचारायला गेले. अंकल म्हणाले, मला वेळ होणार नाही, मुलगी वाजवेल, पण साडेदहाला घरी पोचली पाहिजे आणि सोडायला घरातली कोणी बाई पाहिजे. आईने ते काम आपणहून घेतलं.

तालमी गच्चीवर. मी प्रॉम्प्टर. गणपतीच्या नाटकात प्रॉम्प्टरला कोणी मोजत नाही, पण निम्मं नाटक त्याच्याच तोंडून होतं. आमची विंग म्हणजे बांबूंना बांधलेली जुनी सोलापुरी चादर. तिच्या आड एक स्टूल, निळा कागद गुंडाळलेला बल्ब आणि मांडीवर संहितेची वही. तिला देवनागरी भरभर वाचता यायचं नाही. म्हणून मी लाल पेन्सिलीने तिच्या जागा अधोरेखित केल्या होत्या आणि वाक्य जवळ आलं की तिथे बोट ठेवायचो. बोट ठेवलं की ती व्हायोलिन हनुवटीखाली घ्यायची, उचललं की बो तारेवर टेकायचा. बो ओढताना राळेची बारीक पांढरी पूड खाली पडायची. वहीच्या पानांवर, माझ्या बाहीवर. ती पूड मी झटकायचो नाही. एवढ्या जवळ बसून आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हतो, कारण विंगेत बोलायचं नसतं. माझ्या आयुष्यात त्यानंतर पुष्कळ बोलणी झाली, पण त्या गप्प बसण्याइतकं कशातच मन गुंतलं नाही.

पुष्कळ वर्षांनी एकदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेटी आणि तबला स्टेजच्या डाव्या विंगेत होते. माइकही तिथेच. व्हायोलिनची जागा खरं तर त्यांच्यात. पण डायरेक्टरकाकांनी तिला उजवीकडे, माझ्या बाजूला बसवलं होतं. "तिला शब्दांचा अंदाज हवा ना," एवढंच ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. बांबू धरून मी किती वेळ उभा होतो ते त्यांनी वरच्या गॅलरीतून पाहिलं असणार.

कारण चाळीला सगळं कळत होतं. पावसाळ्यात एरवी मी तिच्याशी नाक्यावर दोन मिनिटं बोललो असतो तर संध्याकाळपर्यंत दोन्ही घरी बातमी पोचली असती. पण गणपतीत मी तिच्या घरी खुर्च्या मागायला जाऊ शकत होतो, ती आमच्या स्वयंपाकघरात आईच्या शेजारी बसून खिरापतीचं खोबरं किसू शकत होती. त्या दहा दिवसांत सगळं "मंडळाचं काम" होतं. मोठी माणसं त्या आडोशाला हात लावत नव्हती. कुरबूर झालीच; शेजारच्या एक काकू आईला दोनदा बोलल्या, आणि चर्चच्या पायऱ्यांवर आंटींनाही बायकांनी छेडलं. आईने मला समोर बसवलं नाही की रागावली नाही. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पोर गुणाची आहे. दोन्ही घरांना मान खाली घालावी लागेल असं वागू नका, म्हणजे झालं." त्यावर पुन्हा कधी एक शब्द नाही.

तिने आरती शिकून घेतली ती आमच्या गॅलरीत उभं राहून. कान असा की दोन दिवसांत सगळी चाल हाती. ती तिने नोटेशनच्या कागदावर उतरवली आणि रेघांखाली शब्द लिहायला मला दिले. गोल गोल काळे ठिपके आणि त्यांच्याखाली माझ्या अक्षरात गणपतीची आरती. त्या वर्षी गौरीविसर्जनाच्या संध्याकाळी तिने ती चौकात वाजवली. टाळ थांबले, झांजा थांबल्या. शेवटी मंत्रपुष्पांजलीला ती वाद्य खाली ठेवून हात जोडून उभी राहिली आणि आजीने पहिली खिरापत तिच्या हातावर ठेवली. ज्या आजीने तिच्या घरचं पाणी कधी घेतलं नाही, तिने.

८ सप्टेंबरनंतर वांद्र्याची जत्रा. आमच्याकडे तिला मोतमाउलीची जत्रा म्हणतात आणि नवस बोलायला हिंदू घरातल्या बायकाही जातात. आईचा एक नवस होता. ती आंटींना घेऊन निघाली आणि पिशव्या उचलायला म्हणून मी, वाट दाखवायला म्हणून ती. चर्नी रोडहून लोकल, पुढे तुडुंब बस, मग चढण. तिथे मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची घरं विकायला असतात. ज्याला जे हवं ते घेऊन तो माउलीपुढे ठेवतो. तिने मेणाचं एक छोटं घर घेतलं. कशासाठी ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आमच्यात "ते" वाक्य कधीच कोणी उच्चारलं नाही. विसर्जनाला अंकल स्वतः आमच्याबरोबर चौपाटीपर्यंत यायचे, बॅण्डवाल्याचा ट्रम्पेट बेसूर लागला की डोळे मिटून घ्यायचे. ऑपेरा हाउसच्या गर्दीत तिने माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आणि चौपाटीच्या वाळूत पाय पडेपर्यंत सोडलं नाही. परतताना रिकाम्या पाटावर समुद्राची वाळू. ती विचारायची, "पुढच्या वर्षी एकांकिका कुठली?" मी म्हणायचो, "व्हायोलिन असेल अशी." आमचं सगळं बोलणं पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाबद्दल असायचं.

मग रेकॉर्डिंगला सिंथेसायझर आले. जिथे व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसायच्या तिथे एका माणसावर आणि एका की-बोर्डवर भागू लागलं. अंकलची काळी पेटी आठवडाच्या आठवडा घरीच दिसायला लागली. १९८७ च्या मे महिन्यात त्यांनी जागा सोडली आणि गावच्या घरी परत गेले. सामान ट्रकमध्ये चढवायला मंडळाचीच पोरं होती, मीही होतो. त्या वर्षी डायरेक्टरकाकांनी एकांकिका घेतली नाही, बालनाट्य केलं. तिची पत्रं यायची, रोमन अक्षरात लिहिलेलं मराठी. मडगावला मुलांना व्हायोलिन शिकवते, असं एकात होतं. हळूहळू पत्रं विरळ झाली. तिचं लग्न झालं, माझंही झालं. दुःख झालं नाही असं कसं म्हणू? खूप झालं. पण आमची ती वर्षं कोणी चिखलात ओढली नाहीत. त्याबद्दल मी त्या सगळ्या माणसांचा ऋणी आहे. कुरबुर करणाऱ्या काकूंचाही, कारण बाबांपर्यंत त्यांनी ती कधी नेली नाही.

आता चाळीत मूळची बिऱ्हाडं थोडी. कोणी डोंबिवलीला, कोणी बोरिवलीला, कोणी विरारला. पण उत्सवातला रविवार ठरलेला असतो. जुने लोक सहकुटुंब येतात, चौकात पंगत बसते, उंबऱ्यावर चढता येत नाही अशा आज्यांना पोरं खुर्चीसकट उचलून आणतात. मागे एका वर्षी अशाच रविवारी ती आली. नवरा बरोबर, उंच, हसरा माणूस, गोव्याच्या पंचायतीत नोकरी. मी ओळख करून द्यायच्या आत माझी बायको पुढे झाली. "तुम्हीच ना व्हायोलिनवाल्या? लग्न होऊन आले तेव्हापासून सगळ्यांकडून ऐकतेय." ती खळखळून हसली. दोघी आमच्या जुन्या खोलीत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नेवरीच्या सारणात खसखस घालायची की नाही, यावर त्यांचं जुंपलं होतं. मी आणि तिचा नवरा खाली पंगतीत वाढायला उभे राहिलो. त्याच्याकडे वरण, माझ्याकडे भात.