पाठवला तांब्या, परत आला डबा

नाशिकच्या भांडी बाजारातून तांब्या-पितळेची भांडी घ्यायची आणि एका शॉपिंग ॲपवर ऑनलाइन विकायची, हा माझा दोन वर्षांचा उद्योग. परवा एका गिऱ्हाइकाने तांब्याचा तांब्या मागवला, सहा दिवसांनी 'माल खराब' म्हणून रिटर्न टाकला, रिफंड त्याला लगेच मिळाला आणि माझ्याकडे आलं काय तर स्टीलचा चेपलेला डबा! तोही बिनझाकणाचा.

ॲपकडे भरपाईचा क्लेम टाकला. जाताना पार्सलचं वजन ९४० ग्रॅम, येताना ६१०, दोन्ही लेबलवर छापलेलं, तरी रिजेक्ट. का तर पार्सल उघडतानाच्या व्हिडिओत कुरिअरचं लेबल नीट दिसत नाही म्हणे. अरे बाबा, एका हातात मोबाईल, दुसऱ्यात कटर, लेबल काय दाताने धरू?

ग्राहकाला १९१५ नंबरची हेल्पलाइन आहे, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत त्याच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असं लिहिलंय, आणि ते हवंच, खरेदी करताना मीपण फसलोय की. पण विकणाऱ्याने जायचं कुठं तर परत त्याच ॲपच्या सपोर्टकडे, जिथं दर वेळी नवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारतो.

शेवटी बायकोने रविवार कारंज्यावरून मोबाईलचा स्टँड आणला, १८० रुपयांचा. आता आधी लेबल, मग सहाही बाजू, मग कटर, सगळं एका दमात शूट. काल मध्येच आई ओरडली "चहा गार होतोय रे", तेही पुराव्यात गेलंय.